केरबांचे शॉर्टकट

एका गावात गुरांचा एक दवाखाना होता आणि तिथले कारकून केरबा बोटांचे भारी चलाख होते. लिनक्सच्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतः शॉर्टकट लावले होते. दोन-तीन कळा एकदम दाबल्या की गाईंचा फोल्डर उघडे, दुसऱ्या दाबल्या की म्हशींचा. मालक जनावर खुंट्याला बांधतोय तोवर त्याची मागची सगळी नोंद पडद्यावर हजर! लोक तोंडात बोटं घालत आणि केरबांना गुदगुल्या होत.

पण माणूस मनाचा जरा कोता. कुणाला अंदाजाने काही सापडू नये म्हणून त्यांनी फोल्डर एकात एक असे खोल दडवले होते आणि कळाही मुद्दाम भलत्याच नेमल्या होत्या. दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टर शिरगावेबाई म्हणाल्या, "केरबा, त्या कळा कागदावर लिहून भिंतीला लावा."

"लिवून ठेवल्या तर मला कोण इचारणार, बाई?" केरबा हसले. कागद काही लागला नाही.

एकदा ते लेकीच्या सासरी गेले. दुपारी पानावर बसतात तोच बायकोचा, हौसाबाईंचा फोन आला. "अवो, आपली मोरी म्हस तापानं फणफणलीया. दवाखान्यात आणलीया. बाई इचारत्यात, मागं कंच्या इंजेक्शनानं ती सुजली हुती?"

केरबांना सूज आठवली, औषधाचं नाव आठवेना. ते नोंदीत होतं. बाईंनी फोन हातात घेतला. "कळा सांगा, मी उघडते."

केरबांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. रोज शंभरदा दाबलेल्या कळा बोटांना ठाऊक होत्या, तोंडाला नव्हत्या. त्यांनी ताटाच्या कडेवर बोटं नाचवून पाहिली. कंट्रोल आठवलं, पुढचं काही केल्या आठवेना. बाईंनी दहा ठिकाणी शोधलं, पण नोंद हाती लागली नाही आणि नुसत्या अंदाजाने सुई टोचायला त्यांचं मन धजेना.

केरबा भरल्या ताटावरून उठले. एसटीत तीन तास त्यांचा जीव टांगणीला लागला होता. दवाखान्यात शिरून कीबोर्डवर बोटं ठेवली मात्र, फोल्डर उघडला. बाईंनी ते जुनं औषध टाळून दुसरं टोचलं. तोवर मोरी मान टाकून आडवी झाली होती. तिसऱ्या दिवशी ती चार पायांवर उभी राहिली, तेव्हा केरबांना रडू आवरेना.

हौसाबाई म्हणाल्या, "आपली म्हस म्हणून ताटावरनं उठून आलासा. दुसऱ्याची असती तर?"

केरबा तडक दवाखान्यात गेले. एकेक फोल्डर उघडत, आपलीच बोटं कुठे पडतात ते बघत त्यांनी सगळ्या कळा मोठ्या अक्षरात कागदावर उतरवल्या आणि तो कागद भिंतीला चिकटवला.

तात्पर्य: जे ज्ञान आपण दुसऱ्यांपासून लपवतो, ते अडचणीच्या वेळी आपल्याही कामी येत नाही.