नाव घेत नाही, पण…

“आन् लाईट गेली तर?” अमृतबुवांनी विचारलं.

“गेली तरी इथं कळत नाही, बुवा. बॅटऱ्या आहेत, मागं जनरेटर आहे.”

“आग लागली तर?”

“पाणी मारत नाही आम्ही. गॅस सुटतो. आग विझते, मशीनला थेंब लागत नाही.”

“आन् समदंच बुडालं तर?”

जयसिंग पासलकर याच प्रश्नाची वाट बघत होता. “तर दुसऱ्या शहरात सगळ्याची जशीच्या तशी प्रत आहे.”

हे सांगताना तो जवळजवळ नाचत होता. चाळिशी उलटलेला माणूस, कंपनीचा मालक. पण नवं ऑफिस गुरूला दाखवताना कुणाचं वय जागेवर राहतं?

कंपनीचा धंदा असा, की घरोघरी माणसं पाठवायची, विचारायचं ते विचारायचं, मिळालेली उत्तरं जपायची आणि ज्यांना अभ्यास करायचाय त्यांच्यासाठी त्यांतून निष्कर्ष काढून द्यायचे. आता जयसिंगच्या स्वतःच्या खोऱ्याचं मोठं काम आलं होतं. दारू, मारझोड, बाळंतपणं, मनाचे आजार. याच कामाच्या भरवशावर हे ऑफिस उभं केलेलं.

आणि खोरं तोंड उघडेना. कंपनीच्या मुली दारात गेल्या की एकच उत्तर, “बुवा हो म्हनू द्या, मग बोलू.”

बुवांचा मठ वाघजाईच्या टेकडीवर. जयसिंगनं पहिली अक्षरं तिथंच गिरवली. खोऱ्यातली माणसं मनातलं सांगायला बुवांकडे येतात, आणि तिथली रीत वेगळी आहे. बुवा भिंतीकडे तोंड करून बसतात. सांगणारा त्यांच्या पाठीशी बसतो, बोलतो, उठून जातो. कोण आलं होतं, बुवा वळून बघत नाहीत. आवाजावरून ओळखत असतीलच. पण दुसऱ्या दिवशी वाटेत गाठ पडली तर दोघांनाही मान वर करून चालता येतं.

म्हणून आज जयसिंगनं गाडी पाठवून बुवांना आणलं होतं. सगळं त्यांच्या एका शब्दावर होतं.

दारावर रखवालदारानं बुवांची पानाची चंची काढून कपाटात ठेवली. बिचारा ओशाळला होता.

“नियम आहे, बुवा,” जयसिंग म्हणाला. “माझाही फोन बाहेरच राहतो.”

“मग झ्याक,” बुवा म्हणाले.

पुढचं दार जयसिंगच्या बोटानं उघडलं. त्यापुढचं बोटानं आणि डोळ्यानं. आत थंडगार खोली, काळी कपाटं, त्यांत लुकलुकणारे दिवे. बुवांनी आपसूक वहाणा बाहेर काढल्या. जयसिंगला भरून आलं.

“हे काय रं?” कोपऱ्यात एक बुटकं यंत्र होतं.

“भोक पाडायचं मशीन. भरलेली डिस्क इथून साबूत बाहेर जात नाही, बुवा. खराब झाली, जुनी झाली, की आधी तिला आरपार भोक. मगच दाराबाहेर.”

“येवढी म्हागाची वस्तू?”

“तिच्यात माणसांची गुपितं असतात.”

बुवांनी यंत्रावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

“ह्ये बेस केलंस,” ते म्हणाले. “आन् नावं?”

“नावंच नाहीत. आत फक्त नंबर. मी बोट लावलं तरी मला नाव दिसणार नाही.”

“मग ह्ये माझ्यापरीस बरं हाय. मला निदान आवाज तरी कळत्यात.”

जयसिंगला आभाळ ठेंगणं झालं. गुरूच्या तोंडून ‘माझ्यापरीस बरं’ ऐकायला माणसं जन्म घालवतात.

“येकच राह्यलं, जया. परक्या पोरी दारात आल्या… त्यांला कोन खरं सांगतंय?”

“सांगतात, बुवा. जिवाभावाचं सांगतात.” जयसिंगला आता थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. “पलीकडच्या खोऱ्यात आम्ही आधी थोड्या घरांत विचारून बघितलं ना, तिथलं एक उत्तर सांगतो. नाव घेत नाही हं. पण त्या गावात एकच पिठाची गिरणी आहे. त्या गिरणीवाल्याची धाकटी सून.”

बुवा हळूच वळले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

जयसिंगला वाटलं, बुवा दिवे बघताहेत.

“कुणाजवळ बोलत नाही ती. घरात तोंडातून शब्द नाही. आणि आमच्या मुलीला म्हणाली, दिवाळीला माहेरी गेले की मी परत यायची नाही. पोरालाही घेऊन जाणार. नवऱ्याला पत्ता नाही, सासूला नाही. कळलं तर जिवंत सोडायचे नाहीत, असं म्हणाली. इतका विश्वास, बुवा. आमच्यावर.”

जयसिंगनं जवळच्या कपाटावर थोपटलं.

“बघितलंत ना, बुवा? दिवे जातील, आग लागेल, पूर येईल. ते उत्तर इथून हलायचं नाही.”

“दिवाळी म्हनालास,” बुवा भिंतीला म्हणाले.

“हो.”

“धाकटी.”

“हो. थोरली वेगळी राहते…”

जयसिंग मध्येच थांबला.

बुवा अजून पाठमोरेच होते. त्याला लहानपणीची ती भिंत आठवली, आणि तिच्याकडे तोंड करून बसलेली हीच पाठ. पण सगळं काम याच एका शब्दावर अडलेलं. त्यानं कसंबसं विचारलं,

“मग… खोऱ्यात सांगाल ना, बुवा? बोला म्हणून?”

बुवा वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, घडी करून जयसिंगच्या हातात दिलं, आणि आपलं पिकलं डोकं त्याच्यापुढं वाकवलं.

“ते भोक पाडायचं मशीन सुरू कर, जया. मला आता भाईर जायचंय.”