मठाचं विरजण

“आणि तुझ्या आईला तो कुणी दिला?” मठाधिपती केवळनाथांनी विचारलं.

“तिच्या आईनं,” डॉक्टर गोरक्ष म्हणाला. “कावीळ ‘ब’चा विषाणू, बुवा. बाळंतपणात आईकडून बाळाकडे येतो. पुष्कळांच्या रक्तात जन्मभर गप्प बसून राहतो. आम्हा तिघा भावंडांतही आहे.”

लहानपणी मठात झाडलोट करणारा हा पोरगा आता विषाणूची जनुकं अक्षर न् अक्षर वाचायला शिकला होता. आणि चारचौघांत ते सांगायलाही त्याला आवडायचं.

“जेमतेम तीन हजार अक्षरांचा ऐवज. पण स्वतःची नक्कल करताना चुकतो, बदलतो. आईच्या रक्ताच्या एका थेंबात त्याची कितीतरी रूपं सापडली. माझ्यात वेगळी, धाकट्यात वेगळी, बहिणीत आणखी वेगळी. तरी वाचलं की कळतं, घराणं एकच.”

केवळनाथांचे हात आपोआप जोडले गेले.

“केवढं हे... आणि एवढ्याशा जिवाचं!”

“हो ना.” गोरक्षचा आवाज उतरला. “पण मला दोषी शोधायचा होता, बुवा. आई म्हणते, मीच माझी लेकरं नासवली. मला तिला दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगायचं होतं. म्हणून मागे मागे गेलो. आजी, पणजी... माणसानं नांगर धरला त्याच्याही आधीपासून तो आपल्यात आहे. दोषी सापडतच नाही. नुसत्या आया सापडतात.”

“नुसत्या आया...” केवळनाथ पुटपुटले.

“आई दही लावते का अजून?” त्यांनी विचारलं.

“नाही. तपासणी झाल्यापासून मडकं पालथं घातलंय. हाताला विष आहे म्हणते.”

“हातानं पसरतो?”

“छे! हातानं नाही, जेवणानं नाही, ताटानं नाही.”

“तिला सांगितलंस?”

“शंभरदा.”

“आणि तिच्या हातचं शेवटचं कधी खाल्लंस?”

गोरक्ष चष्मा पुसू लागला. चष्मा स्वच्छच होता.

मठात समाधीला रोज दह्याचा नैवेद्य असतो. त्याचं विरजण मठ स्थापणाऱ्या मूळ नाथांपासून अखंड चालत आलेलं आहे. मागेल त्याला देतात, पण चमचाभर मागे ठेवूनच.

केवळनाथ आत गेले, वाडगा घेऊन आले आणि सगळं दही गोरक्षच्या डब्यात ओतलं. तळही बोटानं निपटून काढला.

“बुवा, थोडं ठेवा मागे!” गोरक्ष ओरडलाच. “इतक्या पिढ्यांचं विरजण तुटेल!”

केवळनाथांनी रिकामा वाडगा त्याच्यासमोर पालथा घातला.

“आईला नेऊन दे. उद्याचा नैवेद्य तिच्या हातचा.”