दहा दिवसांचं सुतक

निर्मळबुवांच्या पंथात सगळे स्वतःला एकाच कुळाचे मानत. कुणी गेलं की साऱ्या मठाला दहा दिवस सुतक; देवाला हात लावायचा नाही. मथुरेचा भाऊ तापाने फणफणला, तेव्हा बुवांनी औषध बंद करून अंगारा लावला. भाऊ गेला. सुतक मात्र सगळ्यांनी चोख पाळलं. त्याच दिवसांत मथुरेचं मन पंथावरून उडालं.

ती मठ सोडून निघाली, त्या सकाळी बुवा अंगणात गरजले, "ही आपल्याला मेली! हिच्या नावाने आंघोळ करा. यापुढे हिच्याशी कुणी बोलायचं नाही."

सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. मथुरेच्या आईनेही.

फाटकातून मथुरा म्हणाली, "बुवा, मी मेले ना? मग आजपासून सुतक लागलं. उद्या देवळाचा कळस कोण चढवणार?"

मांडव सजला होता, पाच गावची माणसं येऊन उतरली होती. बुवांचा चेहरा पडला.

"सुतक नाही," ते कसेबसे म्हणाले.

"म्हणजे मी जिवंत आहे. ऐकलंस ना, आई? आता बोल माझ्याशी."

आईने तोंड उघडलं, बुवांकडे पाहिलं आणि मिटलं. तिच्या केसांतून लेकीच्या नावाचं पाणी अजून ठिबकत होतं.