माश्यांच्या वाट्याचा मध

फार फार पूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक माळी राहत असे. म्हातारी आई आणि दोन लहान मुली, एवढंच त्याचं घर. बागेच्या भिंतीत एक मडकं बसवलेलं होतं आणि त्यात मधमाश्यांचं मोहोळ होतं. माश्या भोपळ्याच्या फुलांवर बसत, म्हणून वेलींना फळ धरे. त्या भोपळ्यांवर घर उन्हाळा काढी.

गावाची एक रीत होती. दिवाळीनंतर मध एकदाच काढायचा आणि अर्धं पोळं माश्यांना ठेवायचं. मग पळस फुलेपर्यंत मडक्याला हात लावायचा नाही आणि कुंपणावरच्या रानतुळशीला कोयता लावायचा नाही. थंडीत माश्यांना त्या मधाचा आणि रानतुळशीच्या फुलांचाच आधार.

माळ्याला मात्र बाग कशी लख्ख लागे. माघातच त्याने कुंपण साफ कापून काढलं. आई कुरकुरली, तर म्हणाला, रानगवताचं काय एवढं, मडक्यात मध आहे की.

पुढच्याच आठवड्यात आईला खोकल्याने धरलं. वैद्याने आल्याच्या रसात मध चाटवायला सांगितला. घरातला मध सणावारातच संपला होता. माळी मडक्याकडे निघाला, तेव्हा आई म्हणाली, "लेकरा, बोटभर घे. माझ्या घशाला तेवढा पुरे. बाकीचा त्यांचा आहे."

बोटभरच घ्यायचं ठरवून तो गेला होता, हे खरं. पण पोळं हाताशी आलं आणि उद्या पुन्हा लागला तर, परवा मुली खोकल्या तर, असं म्हणत त्याने मधाने भरलेलं सगळंच पोळं कापून बरणीत पिळलं. मनाला टोचणीही लागली नाही. हाव सुटली की माणूस आईचंही नाव पुढे करतो.

आई चार दिवसांत बरी झाली. तिला लागला तो बोटभरच मध.

काही दिवसांनी माळ्याने मडक्याला कान लावला. आत काही वाजेना. झाकण काढलं, तर तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता. काही उरल्यासुरल्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकं खुपसून तशाच मेल्या होत्या.

फाल्गुनात पळस फुलला. भोपळ्याच्या वेलीही फुलल्या. फुलामागे सुपारीएवढं फळ दिसे, पिवळं पडे आणि गळून जाई. एकही टिकलं नाही.

वैशाखात चूल थंडावली. शेजारी तरी किती दिवस देणार? माळी मुलींच्या तळहातावर मध घाली. त्या तो चाटत आणि पुन्हा भाकरी मागत. कुणी दिलेला तुकडा आई नातींकडे सरकवी आणि स्वतः पाणी पिऊन निजे.

एका संध्याकाळी तिने विचारलं, "बरणीत किती उरलाय?"

"अर्धी आहे," माळी म्हणाला.

"मला बोटभर पुरला होता रे," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. सकाळी ती उठली नाही. बरणी मात्र फळीवर तशीच होती, तिला मुंग्या लागल्या होत्या.

गरजेपुरतं घेतलं तर देणारा आणि घेणारा दोघंही जगतात. गरजेच्या नावाखाली सगळंच ओरबाडलं, तर घेणाऱ्याचंही घर बुडतं.