उकरलेला पट्टा

एका डोंगराच्या पायथ्याशी, दाट जंगलात, एक सशीण राहत असे. मोठी लाघवी, आणि तितकीच हट्टी! त्या जंगलाचा राजा वाघ. वणवा अडवण्याचे काम त्याने रानडुकरांच्या कळपाकडे सोपवले होते. थंडी सरत आली की रानडुकरे डोंगर आणि जंगल यांच्यामधला लांबलचक पट्टा सुळ्यांनी उकरून काढत. गवताची काडीसुद्धा ठेवत नसत. का, तर डोंगरावरची आग खाली उतरलीच, तर तिला पुढे सरकायला काही मिळू नये!

पण बाळांनो, कित्येक वर्षे जंगलात वणवा आलाच नव्हता. यंदा सशिणीला पिल्ले झाली. इवलीशी, धड उडीही मारता न येणारी. त्यांना लपवायला तिला पट्ट्यातले उंच गवत हवे होते. ती तडक वाघापुढे उभी राहिली. "महाराज, कुठंय तो वणवा? कंद खायला मिळतात म्हणून ही डुकरं जमीन उकरतात, आणि नाव मात्र कामाचं!" हरणांनी लगेच माना डोलावल्या. त्यांनाही कोवळा चारा दिसत होता ना! वाघालाही पटले. "बरं, यंदा उकरणं बंद." म्हातारा रानडुक्कर एवढेच म्हणाला, "जशी आज्ञा, महाराज. गरज पडली तर हाक मारा."

उन्हाळा तापला. पट्ट्यातले गवत वाळून कडकडीत झाले. एका दुपारी कावळा ओरडत आला, "पळा, पळा! डोंगरमाथा पेटलाय!" हरणे चौखूर उधळली. सशीणही पळाली असती हो, पण पिल्लांचे काय? सगळी लाज बाजूला ठेवून ती रानडुकराकडे धावली. "काका, चुकलं माझं! माझी पिल्लं त्याच गवतात आहेत!"

"रडायला नंतर वेळ आहे, पोरी," रानडुक्कर म्हणाला. "तू पिल्लं बाहेर काढ, आम्ही उकरतो." तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात, ती हीच! नशीब एवढेच, की वारा पडला होता आणि आग हळूहळू उतरत होती. वाघाने डरकाळी फोडून साऱ्यांना बोलावले. गव्यांनी गवत तुडवले, साळिंदरांनी मुळे खणली, पळालेली हरणेही खाली मान घालून परतली. सशिणीने एकेक पिल्लू तोंडात धरून पलीकडे नेले आणि मग तीही पंजांनी माती उपसू लागली. धुराने डोळे चुरचुरत होते, पण कोणी थांबले नाही. संध्याकाळी आग धडधडत उघड्या मातीपाशी आली, इकडेतिकडे फिरली आणि खायला काही न मिळाल्याने तिथेच विझली. सशीण पिल्लांना पोटाशी घेऊन हमसून हमसून रडली.

पुढच्या वर्षी रानडुकरे पट्टा उकरायला निघाली, तेव्हा सशीण सगळ्यांच्या पुढे होती. वणव्यानंतर जन्मलेले तिचे धाकटे पिल्लू कंटाळून म्हणाले, "आई, वणवा तर कधी येतच नाही. मग हे कशाला?"

सशिणीने मान वर न करता विचारले, "येत नाही ना? मग नीट उकर!"

तात्पर्य : जे संकट आलेच नाही, ते बहुधा कोणीतरी वेळीच अडवलेले असते, म्हणून सुखाच्या दिवसांत राखणदाराला रिकामटेकडा म्हणू नये.