येसाक्काची निळी पेज

नदीवर पूल नव्हता आणि वेळवणीला जायला होडीशिवाय वाट नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. वेळवणीत येसाक्का नावाची बाई राहायची. झाडपाल्याचं औषध द्यायची. तिच्या परसात हळद होती, ओवा होता, पारिजातक होता, आणि कुंपणावर गोकर्णाचे वेल. असं म्हणतात, की पान खुडायच्या आधी ती झाडाला विचारायची, आणि झाड नको म्हणालं तर रिकाम्या हाती परत यायची.

एका भाद्रपदात गावात ताप आला. मोठी माणसं चार दिवसांत उठली. पोरांचाही ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. कुणी म्हणतं एकोणीस पोरं होती, कुणी म्हणतं तेवीस. आया भात भरवायच्या, पोरं तोंड फिरवायची. बळेच घातलेलं उलटून पडायचं. दोन पोरं त्यातच गेली.

येसाक्काची एकुलती एक लेक पूर्वी अशीच गेली होती. शेवटच्या दिवशीसुद्धा येसाक्का तिच्यावर ओरडली होती, "खा म्हणते ना!" ते शब्द तिला अजून बोचत होते.

ती परसात गेली. पारिजातकाचे देठ खुडून गरम पाण्यात टाकले, पाणी केशरी झालं. हळदीचं पिवळं केलं, ओव्याच्या पानांचं हिरवं, कोकमांचं लाल. त्या पाण्यांत तांदळाची पातळ पेज शिजवली आणि देवळाच्या ओसरीवर चार मडकी मांडली. कुणालाही खा म्हणाली नाही. स्वतःच वाटी भरून घेतली आणि चवीचवीनं पिऊ लागली. पोरं आईच्या कडेवरून बघत राहिली.

मग एकानं हात पुढं केला. "मला ती तांबडी."

दुपारपर्यंत सगळी पोरं प्यायली. असं म्हणतात, मडकी लहानच होती, पण तळ कुणालाही दिसला नाही.

एकच राहिली. लखू गुरवाची पाच वर्षांची दुर्पी. नऊ दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. आईच्या खांद्यावर मान टाकून ती पडली होती. येसाक्कानं एकेक वाटी दाखवली, दुर्पीनं डोळे मिटून घेतले.

"मग कुठली पाहिजे गं बाय तुला?"

"आभाळाची," दुर्पी पुटपुटली.

येसाक्का घरी जाऊन ओंजळभर गोकर्णाची फुलं घेऊन आली. त्यांच्या पाण्यात पाचव्या मडक्यात पेज शिजवली, ती निळीशार झाली. ती बघून लखू आडवा आला.

"येसाक्का, निळं म्हणजे विष. माझ्या पोरीला नाही द्यायचं."

"मी आधी पिते, लखू. मला काही झालं तर मडकं नदीत फेकून दे."

ती अख्खी वाटी प्यायली आणि पायरीवर बसली. देवळाची सावली अंगणभर पसरली, तरी येसाक्का जशीच्या तशी. मग लखूच बाजूला सरकला.

येसाक्कानं दुसरी वाटी भरली आणि दुर्पीपुढं लिंबाची फोड धरली. "पीळ बघू."

पोरीच्या बोटांत जोर नव्हता. लखूनं तिचा हात आपल्या हातात घेऊन लिंबू पिळलं. निळी पेज बघता बघता जांभळी झाली. दुर्पीचे डोळे मोठे झाले.

"बाबा, सांज झाली!" ती म्हणाली, आणि वाटी तोंडाला लावली.

लखू खांबाला टेकून रडला. येसाक्काही रडली. लेक गेल्यानंतर ती तेव्हाच पहिल्यांदा रडली, असं म्हणतात.

पुढं पुष्कळ वर्षं जगून येसाक्का गेली. तिची राख नदीत सोडली, तर दुसऱ्या पावसात दोन्ही काठ गोकर्णाच्या वेलांनी भरून गेले.

आजही भाद्रपद सरत आला की वेळवणीत देवळाच्या ओसरीवर पेज शिजते. गावातली सगळ्यात म्हातारी बाई पहिली वाटी पिते, मग पोरं बसतात. त्या दिवशी देवाला गोकर्णाचं एकही फूल वाहत नाहीत. कुणी चुकून परडीत घालून आणलंच, तर गुरव ते गाभाऱ्याच्या दारातूनच परत देतो. म्हणतो, "आज नको. आजची फुलं पोरांची."