जीपच्या दारातला स्पीकर

जीपगाड्यांत कॅसेटी वाजायच्या, त्या काळातली ही गोष्ट. भिवा ड्रायव्हरच्या जीपच्या दारात एक लहानसा स्पीकर राहायचा. एके दिवशी भिवाने सीटखाली भलामोठा अॅम्प्लिफायर बसवला. त्या अॅम्प्लिफायरने पहिल्याच गाण्याला असा जोर लावला की स्पीकर थरथरू लागला.

“दादा, जरा बेताने! माझा पडदा फाटेल,” स्पीकर कळवळला.

“हळू वाजणं मला शोभत नाही,” अॅम्प्लिफायर गुरकावला.

स्पीकरचा आवाज चिरकू लागला. वैतागलेला भिवा जीप घेऊन शाहीनच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात गेला. “शाहीनताई, हा स्पीकर फेकून द्या.”

स्पीकर दाराला घट्ट चिकटून बसला.

शाहीनने त्याच्या पडद्यावरून बोट फिरवलं. “भिवाभाऊ, हा धडधाकट आहे. जोडी चुकलीय.” तिने मोठा अॅम्प्लिफायर काढून दुकानातल्या दांडग्या स्पीकरला जोडला आणि फळीवरचा छोटा अॅम्प्लिफायर जीपमध्ये बसवला.

“तुला किती झेपेल?” छोट्याने आधी विचारलं.

हे स्पीकरला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याने भीत भीत सांगितलं. मग गाणं लागलं आणि सनईचा बारीक सूरसुद्धा स्वच्छ उमटला.

इतक्यात दुकानातून मोठ्या अॅम्प्लिफायरवरचा ढोल दणदणीत घुमला.

“ऐकलंस?” स्पीकर आनंदाने छोट्याला म्हणाला. “दादा किती छान वाजतात!”